पुढचा आकार

धाकट्याच्या डोक्यात कॉर्डची नावं कधी शिरलीच नाहीत. दादाची बोटं गिटारवर जो आकार धरतील तोच आपणही धरायचा, एवढ्या भांडवलावर त्याने दादाच्या शेजारी बसून सगळं आयुष्य वाजवत काढलं.

दादा अंथरुणाला खिळला, वाचाही गेली, तरी त्याच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर आकार धरायची. धाकटा खाटेशी गिटार घेऊन बसायचा आणि त्या बोटांमागोमाग वाजवायचा.

आज बोटं एका आकारावर थांबली. धाकटा तीच कॉर्ड छेडत राहिला.

वहिनीने दादाचे उघडे डोळे हलक्या हाताने मिटले. "भावोजी, पुरे आता. थांबवा."

धाकट्याची नजर चादरीवरच होती.

"असं मध्येच कसं थांबवू, वहिनी? दादाला आकार बदलू तरी द्या."