नवा क्रँक

जेद्दाच्या अझीझिया भागातल्या गॅरेजात जमालुद्दीननं नासरच्या दिवंगत वडिलांची जुनी अमेरिकन गाडी चार महिने खोलून ठेवली होती. नासरला तिची ताकद वाढवायची होती. रत्नागिरीच्या या मिस्त्रीनं इंजिनाचे सिलिंडर रुंद करून पिस्टननं फिरणारा मोठा क्रँक बसवला. इतकं देखणं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. “यल्ला, चल, आईला दाखवू,” म्हणत नासरनं त्यालाही सोबत घेतलं. गाडी दारात गुरगुरत उभी राहिली, तरी आंधळी म्हातारी बाहेर आली नाही. शेवटी नासरनं तिला हात धरून आणलं. तिनं बॉनेट चाचपलं. “कुणाची रे ही?” “आपलीच, आई.” “नाही. तुझे वडील गेले, तरी त्यांच्या गाडीचा आवाज चार महिन्यांपूर्वीपर्यंत रोज दारात येत होता. विकलीस तर निदान मला सांगायचंस.” जमालुद्दीन इंजिन बंद करायला वाकला; नव्या क्रँकनं बदललेला तो आवाज आता त्यालाही परका वाटला.