रिपोर्टशिवाय थेंबही नाही

जगातलं शेवटचं गुणकारी प्रतिजैविक मानवजातीसाठी जपून ठेवणं, म्हणजेच ते शक्यतो कोणाही मानवाला न देणं, हे डॉ. वृंदा हर्डीकर यांचं जीवनकार्य होतं. ते त्यांनी मंगळवारी दुपारच्या चहापर्यंत निष्ठेने पार पाडलं.

चहा निवत असताना त्यांची लेक शाल्मली केबिनमध्ये शिरली. कडेवर तापाने फणफणलेली रेवा होती.

"आई, फ्रीजमध्ये एक कुपी आहे ना?"

"एकच आहे. आणि रक्ताच्या रिपोर्टशिवाय थेंबही द्यायचा नाही, असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग मोड की! का नातीपेक्षा तुझे जिवाणू जवळचे?"

आजीने रेवाचं रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्टआधीच नियम मोडला. इंजेक्शन देताना आपला हात जरासुद्धा कापला नाही, हेच त्यांना पुढे खात राहिलं.

बाहेर बाकावर भालेरावबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान जखम चिघळून वॉर्डात पडले होते. सकाळी मॅडमनीच त्यांना रिपोर्टसाठी थांबायला सांगितलं होतं.

"मॅडम, आमची कुपी ठेवलीये ना?"

"रिपोर्ट तर येऊ द्या," मॅडम म्हणाल्या, आणि एखादा रिपोर्ट कधीच येऊ नये, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

बुधवारी दोन्ही रिपोर्ट एकदमच आले. भालेरावांना त्या कुपीने नक्की गुण आला असता. रेवाचा ताप विषाणूंचा होता. विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही, हे मॅडम दरवर्षी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवत.