टिश्यूचा बॉक्स

ऑफिसातली माणसं कमी करायचं काम एचआरच्या मॅडमकडे होतं. टिश्यूचा बॉक्स समोर सरकवायचा आणि गोड आवाजात म्हणायचं, "खंबीर राहा. सामान आजच आवरा." त्यांच्या हातात तो बॉक्स दिसला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

आज मॅडमना नुसती सर्दी झाली होती. त्या बॉक्स घेऊन शिंकत फिरल्या, तर सेल्सवाल्याने न विचारताच आपली सगळी खोटी आजारपणं कबूल केली.

घरी आल्यावर त्यांनी तोच बॉक्स जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवऱ्याला बायकोच्या कामाची रीत पाठ होती. त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"तुला... तिच्याबद्दल कुणी सांगितलं?"



मॅडमनी नाक शिंकरलं, बॉक्स त्याच्यापुढे सरकवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "खंबीर राहा. सामान आजच आवरा."