तीनशेचं कनेक्शन

घनसावंगीच्या घरी ऑफिसची मीटिंग मधेच तुटते, असं सांगून संध्या आठ दिवसांसाठी म्हणून वाटूरला माहेरी गेल्ती, त्याला आता दोन महिने होत आले होते. बायको परत यावी म्हणून राजानंदनं, एक देव नवसाला पावेना की दुसरा धरावा, तसं नेट बदललं. टेलिफोनच्या तारेवरचं जुनं नेट बंद केलं, मग गच्चीवर हवेतून नेट पकडणारा डबा बसवला, तरी ती येईना. शेवटी त्यानं थेट घरापर्यंत फायबर ओढून घेतलं आणि मोबाईलवर स्पीडचा आकडा मिरवत सासुरवाडी गाठली.

"मामी, तीनशेच्या स्पीडचं घेतलंय! शंभरात भागलं असतं, पण म्हणलं बिलकुल कटकट नको. आता तर पाठवता ना तिला?"

सासूबाई शेंगा फोडत होत्या. "इथं बरं चालू राह्यलंय की तिचं. दोन महिन्यांत एकदा बी मीटिंग तुटली न्हाई."

राजानंदनं भिंतींवर नेटचा डबा शोधला. तीनशेच्याही वरचं आणलंय की काय या लोकांनी?

"कोणतं कनेक्शन आहे तुमचं, मामी? पासवर्ड सांगा बरं, आत्ताच्या आत्ता मोजून बघतो."

 

"कनेक्शन कशाचं, जावईबापू? मोबाईलचंच नेट लॅपटॉपला जोडती ती. फक्त मीटिंग चालू असली की इथं तिला कुणी चहा टाकायला उठवत न्हाई."