कोरी मुळं

गाडीतून उतरताच प्रयोगशाळेच्या साहेबांनी शेताकडे पाहिलं आणि "वा!" म्हणाले. भुईमूग हिरवागार होता. काळपट वाटावा इतका हिरवा.

गाठीताई मात्र गाडीच्या दाराशीच थांबली. प्रयोगशाळेतून जिवाणूंची पाकिटं घेऊन ती गावोगाव फिरायची. भुईमुगाच्या मुळांवर गाठी कशा धरतात, त्यांत राहून हे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला कसं पुरवतात, हे बायकांना समजावून सांगायची. गाठीताई हे नाव बायकांनीच ठेवलेलं. पण या शेताची पाकिटं तीन दिवस तिच्या गाडीत, उन्हात पडून राहिली होती. विसरलीच ती. आठवलं तेव्हा पाकिटं हाताला चटके देत होती. आत काही जिवंत उरणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेरणी, नवी पाकिटं यायला आठवडा, वर साहेबांची बोलणी. तिने ती तशीच शेतमालकीण काकूंच्या हातात ठेवली होती.

मग हे हिरवं कशाने?

साहेब फोटो काढायला पुढे गेले, तशा काकू बांधावरून उतरून तिच्या कानाशी आल्या.

"महिन्याभरात सगळं पिवळं पडलं होतं हो. मग मी युरिया टाकला. बोलू नका कुणाला."

"अहो काकू, पण का?"

"पाकिटं तुम्ही दिलेली. साहेबांपुढे तुम्हाला मान खाली घालायला लागू नये. माझंच काहीतरी चुकलं असणार. पाकिटातलं बियाण्याला नीट चोळलं नसेल मी."

तेवढ्यात साहेबांची हाक आली, "मुळं दाखवा बरं!"

तिने खुरप्याने माती सैल केली, एक रोप अलगद उपटलं आणि बादलीत धुतलं. मुळं केसांसारखी निघाली, साफ कोरी. या जमिनीत पूर्वी कधी भुईमूग घेतलेलाच नव्हता. मातीतही हे जिवाणू नव्हते. एकही गाठ नाही.

साहेबांनी रोप उलटसुलट करून पाहिलं, मग पानांकडे पाहिलं.

"युरिया टाकलात?"

काकूंनी मान डोलावली.

"आयतं मिळाल्यावर झाड गाठी कशाला धरेल? खत टाकू नका म्हणून बजावलं होतं ना? सगळा हंगाम फुकट घालवलात." ते ताईकडे वळले. "पुढच्या वर्षी प्रयोगाला दुसऱ्या कुणाचं तरी शेत बघा."

"माझंच चुकलं, साहेब," काकू म्हणाल्या.

साहेब वहीत लिहू लागले. ताईला आता फक्त गप्प राहायचं होतं. सगळं आपोआप निभावून जाणार होतं. क्षणभर तिला हायसं वाटलंही. आणि आपल्याला हायसं वाटलं, हे लक्षात आल्यावर तिचे कान तापले.

"काकूंचं काही चुकलं नाही, साहेब. पाकिटंच मेलेली होती. माझ्या गाडीत उन्हात राहिली होती."

साहेबांचं पेन थांबलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"द्यायच्या आधी."

त्यांनी वही मिटली. "गाडीत बोलू," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

ताईने रोप हातात घट्ट धरलं होतं. काकू तिच्याकडे बघत होत्या, काहीतरी जुळवत असल्यासारख्या.

"म्हणजे मी बियाणं चोळत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं? तुम्ही तर शेजारी बसून सांगत होतात. हळू चोळा काकू, जिवंत आहेत ते, म्हणून."

ताईने होकारार्थी मान हलवली. माफी ओठांवर आली होती, पण ती उच्चारायचीही तिला लाज वाटली.

तिच्या हातातलं रोप काकूंनी काढून घेतलं, खाली बसून खड्ड्यात उभं केलं, भोवतीने माती सारून दोन्ही हातांनी दाबली. बादलीत उरलेलं पाणी बुडाशी ओतलं.

"जा तुम्ही," त्या वर न बघता म्हणाल्या. "साहेब थांबलेत."