फोडलेला शेवट

जादूच्या कादंबऱ्यांच्या त्या ऑनलाइन ग्रुपवर कुणी गोष्टीचा शेवट फोडला, की त्याची खैर नसे. ग्रुपची मंडळी पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटली, तेव्हा त्यांच्यातल्या नर्सने आपली पहिलीवहिली पोस्ट फोनवर शोधून सगळ्यांना वाचून दाखवली.

"ड्रॅगन शेवटी जिवंत राहतो! पुस्तक अर्धं असतानाच आई गेली. तिला सांगायचं राहिलं, म्हणून इथे सांगतेय."

खाली कुणीच रागावलं नव्हतं. उलट जो तो, "अय्या, हो? मग पुढे?" असं विचारत होता, आणि ती आठवडाभर सांगत सुटली होती.

"तुम्ही विचारत राहिलात, म्हणून मी सावरले," ती म्हणाली. "नाहीतर एवढं कोण ऐकतं?"

ग्रुप चालवणारे काका हसले. "अगं, त्या पुस्तकाची आमची सगळ्यांची पारायणं झाली होती."