कपाट नंबर चार

"किल्ली बाबुरावांकडे असते, आणि बाबुराव बँकेत गेलेत," मुख्याध्यापक रंगनाथ सर म्हणाले.

"मागच्या खेपेला पोस्टात गेले होते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "तुमचा शिपाई हिंडतो फार."

कसबा पेठेतून दोन बस बदलून हडपसरला यायची त्यांची ही सहावी खेप. मराठी शिकवून निवृत्त झालेल्या सरोजिनीबाईंनी ओळखीच्या घरांतून कवितेची साठ पुस्तकं गोळा केली होती. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर स्वतः लिहिलं होतं, 'कपाटासाठी नव्हे, वाचण्यासाठी.' जूनमध्ये ती शाळेला दिली. शाळेने हार घातला, फोटो काढला आणि पुस्तकं कपाट नंबर चारमध्ये ठेवून कुलूप लावलं.

"डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढलीत ती," सर म्हणाले. "एक हरवलं तरी संस्था मला धरणार. आणि नववी-दहावीचं अवांतर वाचन मी बंदच केलंय. समोर आयटी पार्क उभा राहतोय, बाई. कविता म्हणून आत कोण घेणार यांना?"

"कॉम्प्युटर तरी शिकवता का?"

एका कंपनीने दिलेले कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत प्लॅस्टिकची झबली घालून बसले होते. सरांनी समोरची फाइल उघडली.

त्याच आयटी पार्कच्या बांधकामावर शाळेतल्या निम्म्या मुलांचे आईबाप राबत होते. घरात क्रमिक पुस्तकांपलीकडे छापील कागद नव्हता. जूनमध्ये बाईंनी नववीला एक कविता वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, "बाई, परत वाचा ना." त्या एका 'परत'साठी सरोजिनीबाई खेपा घालत होत्या, आणि आता त्यांचं डोकं फिरायची वेळ आली होती.

बाबुराव बँकेत नव्हतेच. जिन्याखाली खळीचं भांडं घेऊन ते एका पुस्तकाला खाकी कव्हर चिकटवत होते.

"ऑक्टोबरात कव्हरं?"

"फाटत्यात वो. पोरांचे हात."

"किल्ली?"

"सापडंना झालीय." त्यांनी लेबलवर सावकाश 'भूगोल' लिहिलं. "पुस्तकं बरी हायेत, बाई. तुम्ही उन्हाचं येत जाऊ नका."

पटांगणात पाच-सहा मुलं लिंबाखाली वाचत बसली होती. सगळ्यांच्या हातात खाकी भूगोल.

"घोका," बाई पुटपुटल्या. "भूगोलच घोका जन्मभर."

"लई आवडतो त्यांना," बाबुराव म्हणाले.

किल्ली हरवली म्हणे! या माणसाने पुस्तकं रद्दीत घातली असणार, हे त्यांना तिथेच कळून चुकलं. घरी जाऊन त्यांनी संस्थेला तीन पानी तक्रार लिहिली.

आठवड्याने संस्थेचे सचिव रावसाहेब आले. बाईंच्या समोर कुलूप तोडलं. कपाटात झुरळाच्या गोळ्यांखेरीज काही नव्हतं.

"पुस्तकं कुठायत?" रावसाहेबांनी विचारलं.

बाबुरावांनी खिडकीतून पटांगणाकडे पाहिलं. "उंदरांनी खाल्ली, साहेब."

"साठच्या साठ? कपटासुद्धा न ठेवता?"

"लई हायेत उंदीर."

"रद्दीत विकलीत ना?" बाई ओरडल्या. "खरं सांगा!"

बाबुराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग रावसाहेबांना म्हणाले, "तसं लिवा."

निवृत्तीला तीन महिने उरलेला तो माणूस निलंबनाच्या कागदावर सही करून, डबा घेऊन, फाटकाबाहेर गेला. चांगली अद्दल घडली, असं बाई स्वतःला सांगत राहिल्या. पण जीव कडू झाला होता. पुस्तकं गेली ती गेलीच.

परतीच्या बसमध्ये शेजारी शाळेचीच एक मुलगी खाकी पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. ओठ हलत होते. बाईंनी ओळखलं. मागच्या बाकावरची.

"नाव काय गं तुझं?"

"राजनंदिनी." तिने पुस्तक चटकन मिटून छातीशी धरलं.

"परीक्षा आहे?"

"नाही, बाई."

"मग कशाला घोकतेस? बघू, कुठला धडा."

मुलीने आजूबाजूला पाहिलं आणि पुस्तक हळूच त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाईंनी कव्हर उघडलं. पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कपाटासाठी नव्हे, वाचण्यासाठी.' त्याखाली बाबुरावांच्या हातची मुलांची अकरा नावं होती. दहा खोडलेली, अकरावं राजनंदिनी.